सातवी ओळ

२ जुलै २०२५, बुधवार
ही डायरी खताच्या दुकानात फुकट भेटली. सहा महिने कोरी पडली होती. आजपासून रोज लिहिणार. मी चौथीपर्यंत शिकले, पण अक्षर मालकापेक्षा बरं हाय. मालक म्हणजे देविदास. तोंडानं नाव घेत न्हाई, इथं कोण बघतंय.
लिहायचं कारण असं. रोड चार पदरी होऊन राहिला. आमचं हॉटेल चिंचमाळ फाट्यावर, भोकरकडं जाताना डाव्या हाताला, एकदम रोडला चिकटून. काल भिंतीवर लाल निशाणी मारून गेले. म्हणजे पाडणार. बाजूला हुतात्म्याचा दगड हाय, तो पण जाणार. सरपंच रामकिशन म्हणला, मागं सरकून नवा दगड बसवायचा, ग्रॅनाइटचा. १७ सप्टेंबरला मुक्तिदिनाला पडदा काढायचा. आन दगडाशेजारी पंचायतीच्या जागेत एकच टपरी द्यायची, ती हुतात्म्याच्या वारसाला.
दगडावर सात ओळी. सहा नावं वाचता येतात. त्या सहा घरची माणसं कवाच नांदेड-पुण्याला गेली, त्यांना टपरी नको. सातवी ओळ पुसलेली हाय.
ती आमची.

३ जुलै
सातवं नाव शेषेरावाचं. शेषेराव म्हणजे आत्याचे वडील. आत्या म्हणजे माझी सासू, विठाबाई. माझा सासरा घरजावई होता, म्हणून घर, रान, हॉटेलची जागा सगळं शेषेरावाकडून आलं. हा माणूस रझाकाराच्या टायमाला होता आन आता मेलेला हाय. दोन्ही गोष्टी जुळतात.
मालकाला सांगितलं. ते म्हणले, आज्याला रझाकारानं मारलं असं घरात कधी कुणी म्हणलं न्हाई. मी म्हणलं, तुमच्या घरात कुणी काहीच म्हणत न्हाई, म्हणून तर ही गत हाय. ते भजे तळायला गेले.
आठ दिवसांत काम उरकायचं.

५ जुलै, दुपारी
आत्याला विचारलं. वय सत्त्याऐंशी. एकच कान चालतो. तुमच्या वडलाला रझाकारानं कसं मारलं, असं सरळ विचारलं. ती म्हणली, ज्वारी निवडायची राहिली बाई.
दुःखानं बोलवत न्हाई तिला. हा एक सबूत झाला.

९ जुलै
दुसरा सबूत. पावसाचं पाणी हॉटेलात शिरायला लागलं म्हणून चर खांदला. परत नाल निघाले. ह्या जागेत कुठं बी खांदा, नाल निघतात. चुलीसाठी खांदलं तवा एक निघाला होता, तो मी दारावर ठोकलाय, शुभ असतो म्हणून. सगळे अर्धे-अर्धे तुटलेले. आज कळलं का तुटलेत ते. लढाईत तुटले. म्हणजे शेषेराव घोड्यावर बसून लढला.
नऊ नाल घासून पिशवीत भरले. मालक म्हणले, आपल्याकडं घोडा कवा होता. ह्या माणसाला स्वतःच्या खानदानाचं काही मालूम न्हाई.

१४ जुलै, सोमवार
नांदेडच्या कॉलेजातले धम्मदीप सर आले. नव्या दगडावरची नावं तपासायची जिम्मेदारी त्यांच्यावर हाय. पोरगेलेसे दिसतात. बिनसाखरेचा चहा पितात. असल्या माणसावर माझा भरोसा नसतो, पण पिशवी उघडून दाखवली.
सरांनी एक नाल उलटासुलटा केला. म्हणले, मावशी, हे घोड्याचे न्हाईत, ह्या बैलाच्या पत्र्या हायत. बैलाचा खूर दोन भागाचा असतो, म्हणून अर्धी-अर्धी. इथं पहिलं कुणी नालबंद बसायचा का?
माझ्या माहेरी वीटभट्टी होती, बैल न्हवते. मला कसं कळणार. मी म्हणलं, मग बैलावर बसून लढले असतील. सरांना ठसका लागला.
मग ते दगडापाशी गेले आन सातव्या ओळीवरून बोट फिरवलं. म्हणले, हे झिजलेलं न्हाई, छिन्नीनं ठोकून काढलंय. मी म्हणलं, दुश्मनानं काढलं असंल. ते म्हणले, दगड बसवला सन एक्कावन्नला. तवा इथं कोण दुश्मन उरला होता?
मी भज्याची प्लेट पुढं केली.

१९ जुलै
ज्याची भीती होती तेच झालं. रसवंतीवाली सरस्वतीबाई म्हणते सातवं नाव तिच्या आज्याचं. तिचा आजा शिंदीच्या झाडावरून पडून मेला, गावाला माहीत हाय. मी तसं तोंडावर सांगितलं. ती म्हणली, रझाकार बघायला चढला होता, अयोध्याबाई, तुमच्या शेषेरावासारखा बैलावर न्हवता बसला.
बैलाची गोष्ट तिला मालकानंच सांगितली. दोन दिवस त्यांच्याशी बोलायचं न्हाई.

२१ जुलै
बोलावं लागलं. गॅस संपला.

२८ जुलै
सरांनी कुठनं तरी जुने कागद काढले. हॉटेलची ही जागा सन सत्तावन्नला शेषेरावाच्या नावावर लागलेली हाय. खाली त्याचा अंगठा. सर म्हणले, मावशी, तुमचे आजेसासरे हुतात्मा झाल्यावर नऊ वर्षांनी तलाठ्याकडं गेले होते का? शेजारी चहा पिणारे हसले.
सरकारी कागदाचा काही भरोसा नसतो. माझं आधार कार्डावरचं वय चार वर्षांनी कमी हाय.
जागा आधी कुणाच्या नावावर होती, असं पण सरांनी विचारलं. म्हणले, तिथला कागद फाटलाय. मी म्हणलं, मग कशाला इचारता.

१ ऑगस्ट
मार्ग सापडला. शेषेरावाला रझाकाराची गोळी अठ्ठेचाळीसला लागली. जखम मुरली. मग नऊ-दहा वर्षांनी त्याच जखमेनं गेला. मधल्या काळात तलाठ्याकडं जाऊन आला, त्यात काय. जखमी माणसानं घरी बसून राहायचं का?
सरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणले, हे बघितलेलं कुणी हयात असंल तर त्यांच्या तोंडून ऐकतो.
हयात हाय ना. घरातच हाय.

६ ऑगस्ट
आत्याला तीन वाक्यं शिकवून राहिले. एक, माझ्या वडलाला रझाकारानं गोळी मारली. दोन, ते बरेच दिवस अंथरुणावर होते. तीन, गावासाठी गेले. ती तिन्ही ऐकते आन म्हणते, पाऊस उघडला का.

९ ऑगस्ट
आज पहिलं वाक्य म्हणली. माझ्या वडलाला, इतकं म्हणली. पुढं न्हाई.
राखी पौर्णिमा होती. माझा भाऊ आला न्हाई. लिहायचं काम न्हाई, पण लिहिलं.

१२ ऑगस्ट, दुपारी चार
पाऊस. गिऱ्हाईक न्हवतं. मालक भोकरला गेलेले. मी परत आत्याला घेऊन बसले. आवाज जरा चढला माझा. एवढं एक काम होत न्हाई का म्हणलं, उद्या रोडवर बसायची पाळी येईल, तुम्हाला खाऊ कोण घालणार.
मग ती बोलली. आत्या एका दमात इतकं बोललेली मी लग्नापासून ऐकली न्हाई. विसरायच्या आत लिहिते.
सातवं नाव मकदूमचं. मकदूम नालबंद. ह्याच जागेवर त्याचं छप्पर होतं, बैलाला पत्र्या मारायचा. रझाकार येणार म्हणून कळलं त्या सकाळी त्यानं गावातल्या बाया-पोरी दोन गाड्यांत निजवल्या, वरून कडबा टाकला आन ओढ्यापलीकडं नेलं. आत्या दहा वर्षांची होती. कडब्याखाली त्याची घोंगडी होती, तिला बैलाचा वास येत होता, असं म्हणली. वाटेत रझाकारांनी गाडी थांबवली. मकदूम म्हणला, कडबा हाय. आपला माणूस म्हणून त्यांनी सोडला. मागं गावात सहा माणसं राहिली होती, ती मेली. तीच वरची सहा नावं.
मग पोलीस ॲक्शन झालं. रझाकार पळाले. गावच्या माणसांना ते सापडले न्हाईत. मकदूम सापडला. बाकीच्या मुसलमानांची घरं रात्रीतून खाली झाली होती, हा पत्री मारत बसला होता. बायको म्हणत होती चला. हा म्हणला, मला ह्या गावात काय भ्या हाय.
मी विचारलं, त्या माणसांच्या पुढं कोण होतं. आत्या म्हणली, माझा बाप.
तिनं बघितलं. काय बघितलं ते मी लिहीत न्हाई.
बायको लेकरं घेऊन निर्मल गावाच्या बाजूला गेली, परत कुणी आलं न्हाई. दगड बसवला तवा शाळेतल्या गुरुजीनं सातवं नाव मकदूमचं कोरून घेतलं. म्हणले, चौदा जीव वाचवलेत त्यानं. पुढं जागा शेषेरावाच्या नावावर लागली, त्याच साली शेषेरावानं ते नाव ठोकून काढलं. भर दुपारी. पारावर माणसं बसली होती. कुणी उठलं न्हाई. छिन्नी मकदूमचीच होती, म्हणली.
शेषेराव पुढं पिऊन विहिरीत पडला.
मी विचारलं, दरसाल सर्वपित्रीला दगडापाशी दुसरं पान ठेवायला लावता, मलिद्याचं, ते त्याचं का? वीस वर्षं मी कुरकुर करून राहिले, अन्न वाया जातं म्हणून. आत्या म्हणली, त्याला मलिदा आवडायचा. गाडीत आम्हाला त्यानं तोच दिला होता, रडू नये म्हणून.

१३ ऑगस्ट
दारावरची पत्री काढली. गंजली होती.

२० ऑगस्ट
आठ दिवस लिहिलं न्हाई. टाइम न्हवता. विचार केला.
सत्त्याऐंशी वयाला माणसाचं डोकं जागेवर राहत न्हाई. हे डॉक्टर पण म्हणतात. आन समजा खरं असलं, तरी मी तवा जन्मले पण न्हवते. मालक पण न्हवते. मेल्या माणसाला टपरी चालवायची हाय का? आम्हाला चालवायची हाय.
मालकाला काही सांगितलं न्हाई. ते विचारत बी न्हाईत. दारावरची पत्री कुठं गेली, एवढं विचारलं.

२२ ऑगस्ट
सर परत येऊन गेले. आत्याला भेटायचं म्हणत होते. तिला ताप हाय म्हणलं. नंतर खरंच अंग गरम लागलं, म्हणजे खोटं बोलले न्हाई.
सरांचं म्हणणं, सातवी ओळ हाय तशी कोरायची. नाव खोडलेले, असं लिहायचं. रामकिशनला हे पसंत न्हाई. म्हणला, पाहुण्यासमोर खोडलेली ओळ काय दाखवायची, ही काय शाळेतली रफ वही हाय का. मी म्हणलं, मग शेषेराव टाका. तो म्हणला, ग्रामसभेचा ठराव घेतो, सरांची सही लागत न्हाई. फकस्त वारसाचा अंगठा पाहिजे, लेकीचा.
सरस्वतीबाईचं काय, विचारलं. तो म्हणला, तिच्या आज्याला गाव ओळखतं. शेषेरावाला ओळखणारं कोण राहिलंय.

२५ ऑगस्ट, सकाळी
आत्याला कागद दाखवला. कशाचा हाय, विचारलं तिनं. मी म्हणलं, सातव्या नावाचा. परत लिहायचं चाललंय.
मकदूमचं?
हाव म्हणलं.
तिनं अंगठा स्वतःच शाईत घातला. दोनदा दाबला, नीट उठावा म्हणून. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला. लग्नापासून पहिल्यांदा. शाईचा हात, केस धुवावे लागले.
पुढं कवा तरी सांगेन तिला समजावून. टपरी एकदा हातात येऊ दे.

२ सप्टेंबर
दगड लातूरला कोरायला दिलाय. कारागीर सिद्धलिंग, निलंग्याकडचा. रामकिशनकडून नंबर घेऊन मीच फोन लावला. म्हणलं, शेषेराव नीट काढा आन खोल कोरा. मागच्या वेळी कुणी ठोकून काढलं होतं. तो म्हणला, अक्का, ग्रॅनाइट आहे, तुमची नातवंडं जातील पण अक्षर जाणार न्हाई. छिन्नी तुटते, दगड न्हाई.
समाधान वाटलं. असा माणूस पाहिजे कामाला.

८ सप्टेंबर
सरांनी दगडाच्या कमिटीतून आपलं नाव काढून घेतलं. जाताना हॉटेलात आले, चहा पण घेतला न्हाई. म्हणले, मावशी, आजीचं म्हणणं मला एकदा ऐकायचं होतं. मी म्हणलं, तुमची पिढी लई चौकशी करते. त्यांनी पत्र्यांची पिशवी मागितली, कॉलेजात ठेवतो म्हणले. दिली. आठ दिल्या. नववी सापडली न्हाई.

११ सप्टेंबर
हॉटेल पाडलं. जेसीबीला पाव तास लागला. मी बघितलं न्हाई, पाठ करून उभी होते. आत्या बघत होती. म्हणली, त्याचं छप्पर पण ह्याच बाजूनं पाडलं होतं.
ड्रायव्हरला ऐकू गेलं न्हाई ते बरं झालं.

१७ सप्टेंबर, बुधवार
कार्यक्रम झाला. आठचा टाइम होता, पाहुणे साडेदहाला आले. झेंडा, पडदा, फोटो. सातही नावं माइकवर वाचायची ठरली होती. दोन दिवस मला त्याचीच भीती होती, आत्याचा बहिरा डावा कान माइककडं येईल असं तिला बसवलं होतं. पण पाहुण्यांना हिमायतनगरला पुढचा कार्यक्रम होता. नावं राहिली. देव हाय कुठं तरी.
वारस म्हणून आत्याला शाल दिली. ती दगडापाशी गेली. तिला वाचता येत न्हाई. मला म्हणली, माझं बोट ठेव त्याच्यावर. मी सातव्या ओळीवर ठेवलं. हे मकदूमच ना, विचारलं. रामकिशन बाजूलाच उभा, फोटोवाला समोर.
हाव म्हणलं.
तिनं अंगावरची शाल काढून दगडावर घातली, सातव्या ओळीपाशी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरस्वतीबाईनं पण वाजवल्या, तोंड वाकडं करून. लेक असावी तर अशी, असं पाहुणे म्हणले.
टपरीची चावी भेटली. ठरवलं होतं तसंच सगळं झालं. जेवले न्हाई. ॲसिडिटी.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री
आत्यानं पहाटे स्वतः मलिदा केला. पाऊस होता, छत्री धरून मी नेलं. तिनं शेषेरावाच्या नावाखाली पान ठेवलं आन बोलत बसली. काय बोलली ते ऐकलं न्हाई. थोडं ऐकलं. दगड चांगला केलाय तुझा, असं म्हणत होती.
शेषेरावाचं पान घरात ठेवायचं राहिलं. मालक म्हणले, आज्याचं? मी म्हणलं, त्याला तिकडंच पोचलं.

२५ सप्टेंबर
धंदा बरा हाय. टपरीतून दगड सारखा समोर दिसतो, एवढं सोडलं तर जागा चांगली. आत्या सकाळी येते ती दगडापाशीच बसते. चार-चार वेळा विचारते, वाच बाई सातवं. मी वाचते, मकदूम नालबंद. गिऱ्हाईक वाचायला लागलं की मी मोबाइलवर गाणं मोठं करते. कालपासून नावावर हार टाकून ठेवते, सातवी ओळ झाकते. वाऱ्यानं सरकतो. तार आणायची.

२९ सप्टेंबर, सोमवार
शाळेची सहल आली. साठ-सत्तर पोरं, सोबत मॅडम. मी आत दूध उतू जाऊ नये म्हणून बघत होते. मॅडमनं हार बाजूला केला आन एकेक नाव वाचायला लावलं, पोरांनी मागनं ओरडायचं, अमर रहे. गाणं लावेपर्यंत सहा नावं झाली होती. सातवं सत्तर पोरांनी म्हणलं. एवढ्या आवाजाला दोन्ही कान गेलेल्याला पण ऐकू येतं.
शेषेराव अमर रहे. तीनदा.
 आत्यानं माझ्याकडं बघितलं न्हाई. उठली आन घरी गेली, काठी न घेता.
संध्याकाळी समजावायला गेले. सगळं मनात जुळवून गेले होते. ती भिंतीकडं तोंड करून निजली होती. उद्या बोलू.

३० सप्टेंबर
बोलणं झालं न्हाई. तिनं भाकरी परत पाठवली. मालकाला म्हणली, तुझ्या बायकोला सांग, माझा अंगठा मला परत दे. मालकांनी मला विचारलं, कसला अंगठा. मी म्हणलं, वय झालंय.
सिद्धलिंगला फोन केला. एक ओळ काढायची झाली तर काय करावं लागंल. तो म्हणला, अक्का, तुम्हीच तर खोल कोरा म्हणला होता.

२ ऑक्टोबर, सकाळी साडेसहा
टपरी उघडायला गेले तर आत्या दगडापाशी बसलेली. नववी पत्री तिच्यापाशी होती. पदरात लपवून ठेवली होती तिनं. पत्री हातात धरून सातवी ओळ घासत होती. किती वेळची आली होती मालूम न्हाई. बोटं सोललेली. दगडावर रक्त होतं, पण ओरखडा एक न्हवता.
मी पत्री काढून घेतली. तिनं दिली. म्हणली, तुझ्या हातात जोर हाय, तू बघ.
रोडवर कुणी न्हवतं. मी शे-च्या वर ठेवून दोन्ही हातांनी घासली. मग दगड घेऊन वरून ठोकली. पत्री वाकली.
निघत न्हाई.
आत्याचे हात धुतले, हळद लावली. सातला पहिलं गिऱ्हाईक आलं. दोन चहा.